‘कळलं ना?’ म्हटल्यावर हलणारी मान

एका वाचक भगिनीचं पत्र:

‘डॉक्टर, सादर नमस्कार. माझ्या बाबांचं वय ७१. महिन्यापूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, सगळं समजावलं आणि शेवटी ‘कळलं ना?’ असं विचारलं. बाबांनी आणि मी, दोघांनीही मान हलवली. बीपीची एक गोळी बाबा सहा वर्षांपासून घेत होते, ती आम्ही चालूच ठेवली. नव्या चिठ्ठीतली एक गोळी म्हणजे तीच होती, फक्त नाव वेगळं, हे आमच्या लक्षातच आलं नाही. तीन आठवडे दोन्ही घेतल्या. पाय सुजले, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. गेल्या आठवड्यात रात्री बाथरूमला जाताना बाबा पडले, कपाळाला चार टाके पडले. डॉक्टर म्हणाले, ‘जुनी बंद करा म्हणून मी सांगितलं होतं की!’ सांगितलंही असेल, मला आठवत नाही. मी शाळेत शिकवते. दोन पदव्या घेतल्या, आणि वडिलांच्या गोळ्या मला कळू नयेत? बाहेर येऊन रडले. बाबा डॉक्टरांसमोर ‘सगळं ठीक आहे’ यापलीकडे बोलत नाहीत. आता फोनवर आलेला कुठलासा मजकूर वाचून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायची म्हणतायत. तिच्यामुळे कसलातरी धोका दुप्पट होतो म्हणे. डॉक्टर बदलावेत का? आणि मिळालेल्या पाच मिनिटांत विचारायचं तरी काय काय?’

ताई, बाकीचं सगळं नंतर. आधी बाबांच्या डोक्याबद्दल बोलते.

स्टेंटनंतर सहसा दोन गोळ्या देतात, ज्यांना आपण ‘रक्त पातळ करणाऱ्या’ म्हणतो. त्या चालू असताना डोक्याला मार लागला, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचू शकतं. वयस्कर माणसात ते कधी कधी काही आठवड्यांनी लक्षात येतं. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना या गोळ्यांविषयी सांगितलं होतं का, डोक्याचा स्कॅन झाला का, हे तुमच्या पत्रात नाही. सांगितलं नसेल तर आजच फोन करा. वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, नेहमीपेक्षा जास्त झोप, बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं, एका बाजूच्या हातापायातली ताकद कमी वाटणं, यांपैकी काहीही दिसलं तर फोन करण्यातही वेळ घालवू नका, थेट तातडीच्या विभागात न्या. पण घाबरून त्या दोन गोळ्या स्वतःहून बंद करू नका. स्टेंट नवा असताना त्या अचानक थांबवल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन झटका येऊ शकतो. आणि पायांची सूज पूर्ण उतरली का? बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः अॅम्लोडिपिनने, पाय सुजतात आणि जादा गोळी थांबवल्यावर सूज हळूहळू ओसरते. ओसरली नसेल तर डॉक्टरांना कळवा, कारण हृदयाच्या रुग्णाला पायांची सूज दुसऱ्या कारणानेही येते.

आता तुमचं रडणं. पदव्यांचा उल्लेख तुम्ही केलात म्हणून सांगते, त्यांचा इथे फारसा संबंध नाही. डच मानसशास्त्रज्ञ रॉय केसल्स यांनी २००३ साली या विषयावर तोवर झालेल्या अभ्यासांचा आढावा घेतला. डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के रुग्ण तिथल्या तिथे विसरतो, आणि जे लक्षात राहिलं असं त्याला वाटतं त्यातलंही जवळपास निम्मं चुकीचं असतं. मन धास्तावलेलं असलं की ते एकाच गोष्टीला धरून बसतं. ‘हृदय’, ‘ब्लॉकेज’ हे शब्द कानावर पडले की पुढची दहा वाक्यं नुसतीच वाहून जातात. त्यात वयाची भर पडते. तुमच्या बाबांना त्या दिवशी निदान पाच-सहा नवी नावं, वेळा, पथ्यं आणि पुढची तारीख असं सगळं एका दमात सांगितलं गेलं असणार. ‘जुनी बंद’ हे त्यातलं एक वाक्य. ते निसटलं याचा दोष तुम्ही एकट्याने डोक्यावर घेऊ नका.

आणि तुम्ही तर शिक्षिका आहात. वर्गात धडा संपल्यावर ‘समजलं का?’ असं विचारलं की ‘हो बाई’चा एकच सूर निघतो. त्या सुरावर तुम्ही विश्वास ठेवता का? नाही ठेवत. तुम्ही एकाला उभं करता आणि म्हणता, ‘सांग बरं, काय समजलं?’ किंवा फळ्यावर एक उदाहरण सोडवायला लावता. कारण ‘हो’ म्हणणारं पोर कधी घाबरलेलं असतं, कधी बाकीचे म्हणाले म्हणून म्हणतं, आणि पुष्कळदा त्याला मनापासून वाटत असतं की आपल्याला समजलंय. दवाखान्यातली मान याहून वेगळी नसते. फरक एवढाच, की तिथे फळ्याजवळ कोणी बोलावत नाही.

मी हे इतक्या ठामपणे लिहिते, कारण मी स्वतः वर्षानुवर्षं ‘कळलं ना?’च विचारत आले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मधुमेहाच्या एका बाई माझ्याकडे यायच्या, साठीच्या आसपासच्या. एकदा त्यांचा रिपोर्ट बघून मी खुशीत म्हटलं, ‘शुगर नॉर्मल आली, छान!’ त्यांनी मान डोलावली, नमस्कार केला आणि गेल्या. चार महिन्यांनी आल्या त्या पायाला जखम घेऊन. गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या होत्या. म्हणाल्या, ‘तुम्हीच म्हणालात ना, नॉर्मल झालं.’ मला म्हणायचं होतं की गोळ्या चालू आहेत म्हणून साखर ताब्यात आहे. त्यांनी ऐकलं ते, आजार गेला. दोन्ही अर्थ त्या एका शब्दात मावत होते आणि कुठला पोहोचला हे मी तपासलं नव्हतं. ती जखम भरायला फार दिवस लागले. तेव्हापासून मी ‘कळलं ना?’ विचारणं सोडलं. त्याऐवजी म्हणू लागले, ‘मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, ते मला सांगा.’ परीक्षा माझ्या सांगण्याची होते, माणसाला अपमान वाटत नाही.

या पद्धतीला टीच-बॅक म्हणतात. मधुमेहाच्या रुग्णांबाबत डॉक्टर ती किती वापरतात, याचा अमेरिकेतला एक अभ्यास २००३ सालीच प्रसिद्ध झाला. भेटीत सांगितलेल्या नव्या गोष्टींपैकी शंभरात बाराच गोष्टी रुग्णाला कळल्या का, हे डॉक्टरांनी तपासलं होतं. ज्यांच्या बाबतीत तपासलं गेलं, त्यांची साखर ताब्यात असण्याचं प्रमाण जास्त होतं. आता इतक्या वर्षांनी चित्र किती बदललं असेल ते असो. पण डॉक्टरांनी नाही विचारलं तर रुग्णाने आपणहून म्हणून दाखवायला कुणाची मनाई नाही, आणि तुम्हाला माझं मुख्य सांगणं हेच आहे. उठण्याआधी म्हणा, ‘डॉक्टर, मला काय समजलं ते एकदा बोलून दाखवते, चुकलं तर सांगा.’ आणि मग सकाळची, दुपारची, रात्रीची गोळी, बंद झालेली गोळी, पुढची तारीख असं सगळं तुमच्या शब्दांत म्हणा. चाळीस सेकंद लागतात. तुम्ही त्या दिवशी असं म्हटलं असतंत तर ‘जुनी बीपीची सकाळी’ हे शब्द तुमच्या तोंडून निघाले असते, आणि डॉक्टरांनी तिथेच थांबवलं असतं.

नुसतं बोलूनही कधी कधी भागत नाही, हेही लक्षात ठेवा. २००६ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात लोकांना औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना वाचायला दिल्या. ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा’ ही सूचना वाचन कमी जमणाऱ्या गटातल्या ७१ टक्के लोकांनी बरोबर सांगितली. पण दिवसभरात किती गोळ्या घ्याल ते मोजून दाखवा म्हटल्यावर चार गोळ्या बरोबर मोजणारे निघाले ३५ टक्के. म्हणून बाबांना घरी प्रत्यक्ष गोळ्या मांडायला सांगा. त्यांच्या हाताने, तुमच्या नाही.

पुढच्या भेटीला जाताना चिठ्ठ्यांच्या आधी गोळ्या सोबत घ्या. घरात बाबांच्या नावाची जी जी गोळी, सरबत, चूर्ण, थेंब, मलम आहे, ते सगळं एका पिशवीत भरा. बंद केलेलंही, आणि स्वतःच्या मनाने आणलेलंही. दुखण्यावरची साधी गोळी ‘औषध’ म्हणून कुणी मोजत नाही, पण स्टेंट असलेल्या माणसाच्या बाबतीत नेमकी तीच डॉक्टरांना कळायला हवी असते. पिशवी टेबलावर रिकामी करा आणि एकेक पट्टी उचलून विचारा: ही कशासाठी, चालू की बंद, कधीपर्यंत. मी माझ्या रुग्णांकडून हे करून घ्यायला लागले तेव्हा एकच औषध दोन नावांनी चालू असलेल्या माणसांची संख्या बघून हादरले होते. पट्टीवर ठळक असतं ते कंपनीने दिलेलं नाव. त्याच्याजवळ बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ज्याला आपण जेनेरिक नाव म्हणतो. दोन पट्ट्यांवर ते सारखं दिसलं की थांबायचं आणि विचारायचं. काही गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात, त्यामुळे सगळी बारीक ओळ वाचायची. औषध देणारे फार्मासिस्ट हे काम उत्तम करून देतात. त्यांच्याकडे ही शंका घेऊन जाण्यात काहीच कमीपणा नाही.

चिठ्ठीवरच्या खुणाही एकदा समजून घ्या. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. डोळ्यांच्या चिठ्ठीत मात्र ओडी म्हणजे उजवा डोळा! लॅटिनमधले हे संक्षेप लिहिणाऱ्याच्या सोयीचे आहेत, घेणाऱ्याच्या नाहीत, आणि ते रुग्णाच्या हाती जाणाऱ्या कागदावर असूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही डॉक्टरांना ‘शब्दांत लिहून द्याल का?’ असं विचारलंत तर ती अगदी रास्त मागणी आहे.

पाच मिनिटांत काय विचारायचं, याचं उत्तर पहिल्या मिनिटात दडलेलं आहे. १९८४ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात असं दिसलं, की रुग्ण बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडतात. ‘बोलू दिलं तर संपणारच नाही’ ही आम्हा डॉक्टरांची भीती. स्वित्झर्लंडमधल्या एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात २००२ साली ती तपासून बघितली. रुग्ण आपणहून थांबेपर्यंत त्यांना बोलू दिलं, तर ते सरासरी ९२ सेकंद बोलले. दोन मिनिटांच्या आत थांबणारे शंभरात ७८ होते. म्हणजे दीड-दोन मिनिटं मिळाली तर बहुतेक माणसं आपलं सगळं दुखणं मांडू शकतात. तुमच्या डॉक्टरांना मी इथून हे शिकवू शकत नाही, पण तुम्ही बसल्या बसल्या म्हणू शकता, ‘आज तीन गोष्टी विचारायच्या आहेत: चक्कर, पायाची सूज आणि कोलेस्टेरॉलची गोळी.’ तिन्ही नावं आधी घ्या, तपशील मागाहून. मग कशाला किती वेळ द्यायचा हे डॉक्टरही ठरवू शकतात. सर्वात जास्त काळजीची गोष्ट पहिली. आम्ही नेहमी बघतो, खरी गोष्ट निघते ती माणूस उठून दाराशी गेल्यावर: ‘अजून एक, छातीत जरा दुखतं अधूनमधून.’ तोवर पुढचा रुग्ण आत आलेला असतो.

तुमच्या यादीत आणखी दहा प्रश्न असतील. ते कागदावर लिहून न्या आणि उरलेले कुणाला विचारायचे ते विचारा. सगळ्या प्रश्नांना डॉक्टरच लागतात असं नाही.

बाबांचं ‘सगळं ठीक आहे’ मात्र मला जास्त काळजीचं वाटतं. त्या पिढीतल्या पुष्कळांना डॉक्टरांपुढे तक्रार करणं म्हणजे त्यांच्या उपचारांना नाव ठेवणं वाटतं. काहींना भीती असते, की दुखतं म्हटलं तर आणखी काहीतरी काढतील. आणि मुलीसमोर ‘मला चक्कर येते’ असं म्हणणं जिवावर येतं. तुम्ही तिथे त्यांच्या वतीने उत्तरं देत असाल तर ते थांबवा. हे मी रागावून नाही, सांभाळून सांगते आहे. मुलगी बोलायला लागली की डॉक्टरांचा चेहरा तिच्याकडे वळतो आणि बाबा स्वतःच्याच भेटीत पाहुणे होतात. आदल्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, ‘उद्या डॉक्टरांना तुमच्याकडून काय सांगायचं?’ ते जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत मोठ्या अक्षरात लिहा आणि कागद त्यांच्या खिशात द्या. दवाखान्यात त्यांचं बोलून होईपर्यंत तुम्ही गप्प राहा, मग राहिलेलं भरा. आणि ‘चक्कर येते का?’ हा प्रश्न सोडून द्या, त्याला ‘नाही’ हेच उत्तर येतं. ‘पलंगावरून उठल्यावर पहिलं मिनिट कसं वाटतं?’ असं विचारून बघा.

शब्दांवरून आठवलं. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हा शब्दप्रयोग मीही वर केला, कारण तोच सगळ्यांना माहीत आहे, पण तो फसवा आहे. त्या गोळ्यांनी रक्तात पाणी वाढत नाही की अशक्तपणा येत नाही. रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी एकमेकींना चिकटून गुठळी करतात, ते चिकटणं या गोळ्या कमी करतात, एवढंच. ‘रक्त पातळ झालं, आता ताकद राहिली नाही’ असं समजून या गोळ्या सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. बाबांना हा अर्थ समजावून सांगा.

आता तो फोनवरचा मजकूर. ‘दुप्पट’ हा शब्द दिसला की एकच प्रश्न विचारायचा: कितीचे किती? १९९५ साली ब्रिटनमध्ये औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. बातमी खरी होती. पण दुप्पट म्हणजे सात हजार स्त्रियांत एकीच्या जागी दोघी. हा दुसरा आकडा लोकांपर्यंत नीट पोहोचलाच नाही. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी एकट्या इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. गंमत नव्हे, गुठळ्यांचा धोका गर्भारपणात त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. बाबांच्या मजकुरात कसला धोका म्हटलाय ते मला माहीत नाही, पण कोलेस्टेरॉलची गोळी स्टेंटच्या रुग्णाला नुसता रिपोर्ट सुधारायला दिलेली नसते, पुढचा झटका टाळायला दिलेली असते. तो मजकूर डॉक्टरांना दाखवा आणि विचारा, ‘बाबांच्या बाबतीत ही घेतली तर धोका किती, आणि नाही घेतली तर किती?’ असा प्रश्न विचारणाऱ्या रुग्णाला नावं ठेवू नयेत. ‘व्हॉट्सअॅप वाचून येऊ नका’ म्हणून झटकणाऱ्या डॉक्टरांनी तो रुग्ण त्या मजकुराच्याच स्वाधीन केलेला असतो. तोपर्यंत गोळी चालू राहू दे.

डॉक्टर बदलण्याविषयी. ‘मी सांगितलं होतं’ हे त्यांचं वाक्य मला आवडलं नाही. सांगणं आणि पोहोचणं या दोन गोष्टी आहेत आणि दुसरीची पहिली जबाबदारी डॉक्टरांची. ज्याला माहिती आहे आणि जो घाबरलेला नाही, त्याने तपासून बघायचं. घरी सोडताना कुठल्या जुन्या गोळ्या बंद, हे कागदावर लिहून देणं त्यांच्याकडून व्हायला हवं होतं. तरीही लगेच बदला असं मी म्हणणार नाही. बाबांचं हृदय त्यांनी आतून पाहिलंय, त्यांचा इतिहास त्यांना ठाऊक आहे, आणि दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगण्यात पुन्हा गोष्टी निसटतात. एकदा मोकळेपणाने बोला: ‘मागच्या वेळी आम्ही मान हलवली, पण आम्हाला समजलं नव्हतं. आता मी शेवटी बोलून दाखवत जाईन, तुम्ही तपासा.’ बऱ्याच डॉक्टरांना हे ऐकून हायसं वाटतं, कारण रुग्ण पडला की त्यांचीही झोप उडते. एवढं सांगूनही ते प्रश्नांवर चिडले, किंवा बाबांना बोलूच दिलं नाही, तर मात्र दुसरे डॉक्टर शोधा आणि सगळे कागद सोबत न्या. त्यात कृतघ्नपणा काही नाही.

आणखी एक, आज रात्रीच करायचं. सहा वर्षांची सवय हाताला असते. बाबा अर्धवट झोपेत उठले तर हात त्या जुन्या डब्याकडेच जाणार. उशाजवळून, कपाटातून, प्रवासाच्या बॅगेतून जुन्या बीपीच्या गोळीच्या सगळ्या पट्ट्या गोळा करा, पाकिटात घाला, वर मोठ्या अक्षरात ‘बंद’ आणि आजची तारीख लिहा. ते पाकीट टाके काढायला जाल तेव्हा त्या पिशवीत न्या. आणि रात्री बाथरूमपर्यंतचा दिवा चालू ठेवा.